न बिघडलेल्या लॅपटॉपच्या दुरुस्तीचे १,७७० रुपये

कराड, जि. सातारा
दि. २ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
लॅपटॉप विभाग

विषय : लॅपटॉपसोबत आलेली विंडोज पुन्हा टाकताना लेखी सूचना डावलून डेटा पुसला, भलतीच आवृत्ती टाकली आणि वर पैसे घेतले, याबाबत.

महोदय,

कराडला तहसील कचेरीसमोर माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, प्रतिज्ञापत्र, वारस नोंदीचा अर्ज. लोक सांगतात, मी टाईप करतो. कोणी कोणाला कधी काय लिहून दिले हे तारीखवार मांडायची हाताला सवय आहे, म्हणून ही तक्रारही तशीच लिहितो.

माझ्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि चारच दिवसांनी, धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर, मी आपला लॅपटॉप घेतला. बिलावर ‘विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज’ असे स्वच्छ छापलेले आहे. म्हणजे विंडोजचे पैसे मी मोजले, आणि ती आपण विकली. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

रविवार, १८ जानेवारीला संध्याकाळी आपल्याच कंपनीच्या, लॅपटॉपमध्ये आधीपासून असलेल्या ॲपने ‘बायोस अपडेट उपलब्ध आहे’ असे कळवले. (बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा, यंत्राच्या आतला मूळ प्रोग्राम.) मी ‘हो’ म्हटले. लॅपटॉप दोनदा बंद होऊन चालू झाला, पंखा जोरात फिरला, मग सगळे शांत. मी बंद करून घरी गेलो. सोमवारी सकाळी दुकान उघडून पाहतो तो निळा पडदा, त्यावर रिकामी चौकट आणि ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की टाका असा हुकूम. बाहेर पाच पक्षकार उभे. बिटलॉकर हा शब्द मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाचला.

हेल्पलाइनला फोन केला. पाऊण तास गाणे ऐकल्यावर एक मुलगा आला. पडद्यावर काय लिहिले आहे ते मी त्याला अक्षरशः वाचून दाखवले. तो म्हणाला, “सर, विंडोज करप्ट झालंय. सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही. सर्व्हिस सेंटरला टाका.” चौकटीत जी की मागत होते ती काय असते, कुठे असते, याबद्दल एक शब्द नाही.

मंगळवारी, २० जानेवारीला, दुकान बंद ठेवून एसटीने कोल्हापूरला आपल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर सांगितले की, माझा डेटा आत आहे, तो राहिला पाहिजे. त्यांचे म्हणणे, गॅरंटी नाही. ते मला मान्य आहे. आपल्या वॉरंटी पुस्तिकेत डेटाची जबाबदारी ग्राहकाची असे छापले आहे, आणि चूक माझीही आहे. ऑक्टोबरपर्यंतचे सगळे मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवले होते, त्यानंतर मात्र ‘उद्या करू’ म्हणत तीन महिने काढले. म्हणूनच मी जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीला घेतल्याच्या नोंदीच्या कागदावर, माझ्या हाताने, ठळक अक्षरात लिहिले : ‘डिस्क पुसण्यापूर्वी मला फोन करावा. परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये.’ खाली माझी सही, शेजारी आपल्या माणसाची सही आणि सेंटरचा शिक्का. दुसऱ्यांच्या सह्या कुठे आणि कशा घ्यायच्या हे सांगण्यातच माझा जन्म गेला आहे, त्यामुळे त्या कागदात खोट काढायला जागा नाही.

परत आल्यावर भाच्याने, जो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मला खरा प्रकार समजावला. नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून आत गेले की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, तेच ते बिटलॉकर, आणि त्या कुलपाची किल्ली त्या खात्यात जमा होते. बायोस बदलला की यंत्राला वाटते कोणीतरी छेडछाड केली, मग ते किल्ली मागते. किल्ली दिली की पूर्ववत. बिघाड काहीच नाही.

प्रश्न एवढाच, की खाते कोणाचे? माझ्याकडे तर नव्हते. मग आठवले. धनत्रयोदशीच्या गर्दीत लॅपटॉप चालू करून देताना आपल्या अधिकृत विक्रेत्याकडचा मुलगा म्हणाला होता, “काका, तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईना, माझंच मेल टाकतो, नंतर बदला.” गुरुवारी, २२ जानेवारीला, सकाळी मी त्याच्याकडे गेलो. बिचारा भला. त्याने मोबाईल काढला, खाते उघडले, आणि यादी समोर आली. त्या यादीत माझी एकट्याची नव्हे, अठरा लॅपटॉपच्या किल्ल्या होत्या! कराडातले अठरा लोक आपली कुलपे या पोराच्या खिशात ठेवून निवांत झोपले आहेत आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. मी काढलेल्या पडद्याच्या फोटोवर ‘की आयडी’ होती, तिची पहिली आठ अक्षरे जुळवून त्याने माझी ओळ शोधली आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट मला सांगितले. मी ते बिलाच्या मागे लिहून घेतले, दोनदा ताडून पाहिले.

तिथूनच कोल्हापूरला फोन लावला. “की मिळाली, लिहून घ्या.” पलीकडून उत्तर : “तुमचं काम काल संध्याकाळीच झालं. फॉरमॅट करून विंडोज टाकलं आहे. घेऊन जा.”

महोदय, माझ्या तक्रारीचा गाभा हा आहे. बुधवारी संध्याकाळी मला एक फोन केला असता, तर गुरुवारी दहा वाजता हा विषय फुकटात संपला असता.

शनिवारी लॅपटॉप घ्यायला गेलो तेव्हा १,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २७० असे १,७७० रुपये घेतले. बिलात मजकूर ‘ओएस रीइन्स्टॉलेशन’, म्हणजे विंडोज पुन्हा टाकणे. दुकानात येऊन चालू केला, तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरे : ‘विंडोज सक्रिय करा’. सेटिंगमध्ये पाहिले, विंडोज ११ प्रो. मी घेतले होम सिंगल लँग्वेज, आपण टाकले प्रो. फोन केला, तर म्हणाले की प्रोची प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, वेगळी विकत घ्यावी लागेल. म्हणजे घराचे कुलूप बदलून दिले, आता किल्लीचे वेगळे पैसे.

हे कसे झाले असेल, याचा माझा अंदाज असा की तिथे सगळ्या लॅपटॉपना एकच पेनड्राइव्ह लावला जातो. पूर्वी कॅबिनेटवर स्टिकर असायचा, त्यावर २५ अक्षरांची प्रॉडक्ट की. माझ्या जुन्या मशीनवर अजून आहे, अक्षरे अर्धी पुसलेली. विंडोज ८ पासून कंपन्या ती की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच घालून देतात. भाच्याने एका ओळीची कमांड देऊन ती मला पडद्यावर दाखवली. माझ्या लॅपटॉपच्या पोटात होमची की पहिल्या दिवसापासून बसलेली आहे. होम टाकले असते तर एक पैसा न देता आपोआप चालले असते. हे मला कळत नव्हते, ठीक. आपल्या तंत्रज्ञाला कळू नये?

२६ जानेवारीला कचेरी बंद, त्यामुळे दुकान बंद. त्या दिवशी भाचा आणि मी दोघांनी विंडोज पुन्हा टाकली. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून टूल उतरवले, आठ जीबीचा पेनड्राइव्ह केला, लॅपटॉप त्यावरून चालू केला. ‘कोणती आवृत्ती हवी’ हे त्याने विचारलेही नाही, चिपमधली की वाचून पुढे गेला. पण पुढच्या पडद्यावर जिथे डिस्क दिसायला हवी तिथे यादी रिकामी. माझ्या पोटात गोळा आला, वाटले डिस्कच गेली. भाच्याने सांगितले, इंटेलच्या या पिढीत डिस्क व्हीएमडी नावाच्या पडद्याआड असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती डिस्क ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, हाताने द्यावा लागतो.

तो ड्रायव्हर आपल्या साइटवर आहे. सीरियल नंबर टाकल्यावर जी लांबलचक यादी येते तिच्यात ‘स्टोरेज’ नावाखाली, कसलेही स्पष्टीकरण न देता. उतरवला, तर फाइल ईएक्सई, म्हणजे स्वतःच चालणारी, निघाली, आणि माझ्या जुन्या डेस्कटॉपवर चालवल्यावर म्हणाली, हा संगणक योग्य नाही. अहो, योग्य संगणक चालू होत नाही म्हणूनच तर ही फाइल हवी आहे! शेवटी ७-झिप नावाच्या सॉफ्टवेअरने ती फोडून आतला फोल्डर पेनड्राइव्हवर टाकला. ‘लोड ड्रायव्हर’ दाबून फोल्डर दाखवला आणि यादीत ४७६ जीबीची डिस्क उगवली. पुढे टचपॅड चालेना, वायफाय दिसेना. यूएसबी माउस लावला, मोबाईलचे नेट केबलने दिले. नेट लागताच विंडोज स्वतःहून सक्रिय झाली. या वेळी खाते माझ्या मेलवर, आणि रिकव्हरी की छापून बिलाच्या फाइलीत. सगळे मिळून तीन तास लागले, त्यातला दीड तास त्या ड्रायव्हरपायी.

बॉक्समध्ये आपण एक चार पानी माहितीपत्रक देता. त्यात लॅपटॉप ओल्या जागी ठेवू नये हे बारा भाषांत लिहिले आहे. डिस्क कुलूपबंद आहे, किल्ली अमुक ठिकाणी सापडेल, एवढी एक ओळ मात्र एकाही भाषेत नाही.

गेले काय, तेही सांगतो. तीन महिन्यांचे मसुदे. बहुतेकांच्या छापील प्रती पक्षकारांकडे आहेत, त्या मी पुन्हा टाईप करतो आहे. पण पाटण तालुक्यातले एक आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, त्यांचे मृत्युपत्र अर्धे झाले होते. तीन मुलांत कोणते शेत कोणाला, यावर ते दोन वेळा येऊन, थांबत थांबत सांगून गेले होते. परवा तिसऱ्यांदा आले. “पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट...” असे पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, आणि एका गटाला आले तेव्हा थांबले. मागच्या वेळी हा कोणाला दिला होता, असे त्यांनी मला विचारले. मला आठवत नव्हते.

सबब माझी मागणी अशी. घेतलेले १,७७० रुपये आणि कोल्हापूरच्या दोन खेपांचे एसटी भाडे परत करावे; तिकिटे जोडली आहेत. जॉबशीटवरील लेखी सूचना असताना डिस्क कोणाच्या सांगण्यावरून पुसली, याचे उत्तर सही-शिक्क्याने द्यावे. माझ्या मॉडेलचा स्टोरेज ड्रायव्हर न फोडता वापरता येईल अशा रूपात साइटवर ठेवावा. आणि त्या विक्रेत्याकडील मुलाच्या खात्यात ज्या बाकी सतरा जणांच्या किल्ल्या आहेत, त्यांना विक्रेत्यामार्फत कळवावे. त्या मुलावर मात्र कारवाई करू नये. त्याला कोणी शिकवलेच नाही, आणि या सगळ्या प्रकरणात माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेणारा तो एकटाच होता.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे साताऱ्यातच तक्रार दाखल करीन. त्या कायद्याने ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अर्ज टाईप करायला मला बाहेर जावे लागत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

सोबत खरेदी बिल, जॉबशीट, सर्व्हिस बिल, निळ्या पडद्याचा आणि ‘विंडोज सक्रिय करा’ या अक्षरांचा फोटो जोडला आहे.

उत्तर लेखीच पाठवावे. काही विचारण्यासाठी फोन करायचा झाल्यास सकाळी दहाच्या आत करावा, नंतर कचेरी उघडते.

आपला,
एक ग्राहक
(सही)