बाबा, गवताचं एवढं काय ते सांगते

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बोलणं अर्धवट राहतं म्हणून लिहितेय. बाबांना नीट ऐकू येत नाही, आई मध्येच "जेवलात का" विचारते आणि मूळ विषय राहूनच जातो. परवा बाबा म्हणत होते ना, जे गवत ना गाय खाणार ना म्हैस, त्याच्यापायी तुम्ही दोघं शनिवार-रविवार का राबताय, आणि तेही उन्हाळा संपत आल्यावर? तर आता निवांत सांगते. चष्मा लावून वाचा आणि आईला पण वाचून दाखवा, मोठ्यानं.

बाबा, इथलं लॉन म्हणजे रब्बीचं पीक समजा, सगळं लगेच लक्षात येईल. तुम्ही शाळू कधी पेरता, पाऊस ओसरत आला, जमिनीत ओल आहे, ऊब आहे आणि वरची हवा थंड व्हायला लागलीय तेव्हा. इथं न्यू जर्सीत डिट्टो तेच. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत माती गरम असते, रात्री गार होतात, आणि इथली जी गवतं आहेत, टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास वगैरे, ती थंडीतलीच, जुलैच्या उन्हात ती पिवळी पडून नुसती झोपून राहतात. तुम्ही मे ते ऑगस्ट येता त्यामुळे तुम्ही कायम ती झोपलेलीच बघितलीत, आणि बाबा दरवेळी म्हणणार, वाळलंय, पाणी घाल. वाळलेलं नसतं ते. बरं वसंतात पेरलं तर काय होतं, एक क्रॅबग्रास नावाचं तण आहे ते नेमकं त्याच वेळी उगवतं आणि नव्या गवताला दाबून टाकतं, त्यातनं जे वाचेल त्याला उन्हाळा मारतो. क्रॅबग्रास एकाच वर्षाचं, पहिला फ्रॉस्ट पडला, म्हणजे दव गोठायला लागलं, की आपोआप मरतं, म्हणून आत्ता पेरलं की मैदान मोकळं.

पेरायच्या आधी एक मशीन भाड्यानं आणतो, एरेटर. ते जमिनीतनं बोटाएवढ्या मातीच्या कांड्या उपटून वरच टाकत जातं, दोन-तीन इंच खोल. दिसायला सगळं अंगण कोंबड्यांनी उकरल्यासारखं दिसतं पण त्या कांड्या उचलायच्या नाहीत, पावसात विरघळून जातात. आमची माती चिकण आहे, वरनं मुलांचं फुटबॉल, त्यामुळे दगडासारखी होते आणि मुळं खाली जातच नाहीत. मग बी फेकायचं, जुनं लॉन दाट करायला १००० स्क्वेअर फुटाला ३-४ पाउंड फेस्क्यू पुरतं, आणि दाताळ्यानं हलकं ओढायचं म्हणजे बी मातीला टेकतं. उगवेपर्यंत वरचा थर सुकू द्यायचा नाही, थोडं थोडं पाणी, दिवसातनं दोनदा, घटाला घालते ना आई तसं बेतानं. फेस्क्यू साधारण एक ते दोन आठवड्यांत वर येतं, ब्लूग्रासला तीन-चार आठवडे पण लागतात, शेजारचे आजोबा तेवढ्यात वैतागून परत बी टाकतात.

आता बाबांचा आवडता विषय, खत. दुकानात पोत्यावर तीन आकडे असतात ते आपल्यासारखेच, नत्र, स्फुरद, पालाश. तुम्ही १०:२६:२६ म्हणायचात, इथल्या लॉनच्या पोत्यावर मधला आकडा शून्य. चुकून नाही, कायदाच आहे, २०११ चा. माती तपासून स्फुरद कमी निघालं किंवा नवीन लॉन पेरत असाल तरच स्फुरद घालायचं. आणि १५ नोव्हेंबरनंतर थेट १ मार्चपर्यंत घरमालकानं लॉनला नत्र-स्फुरदाचं खत घालायचंच नाही, कारण थंडीत गवत ते घेत नाही, सगळं पावसाबर्फाबरोबर वाहून ओढ्यात आणि तिथनं खाडीत जातं, आणि पाण्यात शेवाळं माजतं. मला हा कायदा मनापासून पटतो. आपल्याकडे नदीत जलपर्णी माजली की सगळे नगरपालिकेला शिव्या देतात, पण आपल्या रानातनं काय वाहून जातंय ते कोण बघतं? बाबा रागावू नका.

माती तपासायला रटगर्स युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये पाठवता येते, एका डब्यात माती भरून. आमची आम्लधर्मी निघाली, म्हणजे तिला चुना घालावा लागतो. म्हणजे तुम्ही जन्मभर रानातल्या चुनखडीच्या नावानं बोटं मोडलीत, आणि तुमची लेक इथं पैसे मोजून चुन्याची पोती आणून अंगणात टाकतेय.

हुमणी इथंही आहे! उसातली तीच नाही, पण त्याच खानदानातली. जपानी बीटल म्हणतात, हिरवट-तांब्याच्या रंगाचा चकचकीत भुंगा, गुलाबाची पानं खाऊन नुसती जाळी ठेवतो. आणि गंमत म्हणजे अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तो आमच्याच राज्यात, रिव्हर्टनजवळच्या एका नर्सरीत, १९१६ साली. त्याच्या अळ्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुळं खातात. ओळखायचं कसं, तर लॉनवर तपकिरी ठिगळ दिसलं की गवत हातानं उचलून बघायचं, सतरंजीसारखं सुटून हातात आलं तर खाली मुळंच नाहीत. मग एक फूट बाय एक फूट चौकोन उलटायचा आणि मोजायच्या, पांढऱ्या, सी अक्षरासारख्या वळलेल्या, तोंडाकडं तपकिरी. दहाच्या वर निघाल्या तर औषधाचा विचार करायचा, चार-पाच असतील तर सोडून द्यायचं, लॉन ठीक असेल तर तेवढं सोसतं. समीर एक दिसली तरी दुकानात पळायला निघतो. पण खरा त्रास अळ्यांपेक्षा त्या खायला रात्री येणाऱ्या स्कंक आणि रकून या प्राण्यांचा, सकाळी अंगण नांगरलेलं.

दुसरी कीड लँटर्नफ्लाय, २०१४ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात सापडली आणि आता आमच्याकडे मुबलक. पंख उघडले की आतनं लालभडक. सप्टेंबरपासून ती झाडाच्या खोडावर, कुंपणावर, अगदी गाडीवर पण अंडी घालते, वरनं वाळलेल्या चिखलाचा फराटा वाटतो. ईशानला जुनं प्लॅस्टिकचं कार्ड दिलंय, तो फराटे खरवडतो आणि पिशवीत सॅनिटायझर घालून त्यात टाकतो. शाळेतनं शिकून आलाय, मला शिकवतो.

आई, आता तुझं. गणपतीला दुर्वा कुठनं आणता विचारत होतीस ना. इथं ओक ट्री रोडवर आपली भारतीय दुकानं आहेत, तिथं छोट्या पाकिटात मिळतात पण निम्म्या पिवळ्या. खरी गोष्ट ऐकून तू कपाळाला हात लावशील, दुर्वा म्हणजे इथलं बर्म्युडा ग्रास, टेक्सास-जॉर्जियाकडे त्याचीच लॉन करतात, पण आमच्याकडे ते लॉनमध्ये शिरलं तर लोक औषध मारून मारतात, कारण थंडी पडली की ते तपकिरी होतं आणि हिरव्या लॉनमध्ये डाग दिसतो. मी एका कुंडीत वेगळ्या लावल्यात, जमिनीत सोडायची हिंमत नाही, धावत सुटतात. चांगल्या तीन पात्यांच्या येतात.

तुळस, कढीपत्ता, मोगरा तिन्ही कुंड्या आत घ्यायची वेळ पण हीच. रात्रीचं तापमान १० डिग्रीच्या खाली जायला लागलं की तुळस रुसतेच, पानं काळी पडतात. आत घ्यायच्या आधी पानांच्या मागच्या बाजूला साबणाचं पाणी मारून पुसून घेते, नाहीतर पांढरी माशी घरभर. आणि एकदम आत आणायचं नाही, आधी काही दिवस सावलीत. तुळशीचं लग्न यंदाही दक्षिणेकडच्या खिडकीतच लागणार. कढीपत्त्याचं एक सांगून ठेवते, येताना ताजी पानं आणू नकोस, बंदी आहे, लिंबू-संत्र्यावर रोग पसरवणारी कीड त्याच्यावर राहते म्हणून. बिया पण नको. रुमालात गाठ मारून आणणं विसर आता.

टोमॅटोचे शेंडे मी ऑगस्ट अखेरीला खुडून टाकते, म्हणजे नवीन फुलांवर जीव न घालवता आहेत ती फळं पिकतात. तरी शेवटी टोपलीभर हिरवे उरतातच, त्यांची दाण्याचं कूट घालून चटणी होते. मोकळ्या जागेत मेथी, पालक, कोथिंबीर. उन्हाळ्यात कोथिंबीर लावली की लगेच फुलावर जाते, आत्ता पेरली की छान पसरते.

बाबा तुम्ही कात्री घेऊन बसाल म्हणून आधीच सांगते, छाटणी आत्ता नाही. अझेलिया, लायलॅक, फोर्सिथिया, यांच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या आत्ताच तयार झालेल्या असतात, आता छाटलं की वसंतात नुसतं हिरवं झुडूप, फूल नाही. आणि पानं गोळा करायची नाहीत सगळी. ओक आणि मेपलची पानं पडली की त्यांच्यावरनंच लॉनमोअर फिरवायचा, चुरा होऊन गवतात बसतो, फुकटचं खत. फार झालं तर कागदी पिशव्या भरून रस्त्याकडेला ठेवतो, टाउनशिपवाले नेतात. तसंही कुंपणाकडचं लॉन मी काढलंच, तिथं गोल्डनरॉड आणि अ‍ॅस्टर लावलेत, सप्टेंबरात पिवळं-जांभळं होतं सगळं आणि दक्षिणेला निघालेली मोनार्क फुलपाखरं थांबतात. आईला मागच्या खेपेला शिंका येत होत्या त्याचा आळ सगळे या पिवळ्या फुलांवर घालतात, पण त्याचे परागकण जड असतात, हवेत उडत नाहीत. शिंका रॅगवीड नावाच्या तणाच्या, ते त्याच वेळी फुलतं आणि फूल दिसतही नाही.

तर एवढं सगळं लिहायचं कारण. पुढच्या वर्षी मेमध्ये येऊ नका. तुम्ही दरवेळी उकाड्यात येता, एसीत बसून राहता, बाबा कंटाळतात, आणि काम सुरू व्हायच्या वेळेला तुमची परतीची तिकिटं. गौरी-गणपती आटोपले की निघा आणि दिवाळी इथं करा. तोपर्यंत रॅगवीड पण ओसरत आलेलं असेल. मध्य ऑक्टोबरनंतर लसूण लावायचा असतो, टोक वर करून पाकळी दोन इंच खोल, सहा-सहा इंचांवर, वरनं पानांचा चुरा, मग हिवाळाभर बघायचं नाही, जुलैत काढायचा. हे काम वाफ्याच्या कडेला स्टुलावर बसून होतं, वाफे मी उंच करून घेतलेत, गुडघे वाकवायला नकोत. डॅफोडिलचे कांदे पण तेव्हाच. ट्युलिप लावत नाही, हरणं खातात.

आणि तिकडची बाग महिना-दोन महिने कोण बघणार हे कारण सांगू नका बाबा. शेवंती आणि झेंडू दसऱ्याला तयार झाले की शेजाऱ्यांना तोडून न्यायला सांगा, बाकी पाण्यापुरता एक माणूस लावा, पैसे मी देते. गच्चीवरच्या मोठ्या कुंड्या स्वतः हलवू नका, आईनं मला सांगितलंय, तिला ओरडू नका.

तारखा कळवा म्हणजे तिकिटं बघते. तिकिटात विमानतळावरची व्हीलचेअर मागणार आहे, दोघांसाठी, बाबा नाही म्हणू नका, रांगेत दोन तास उभं राहण्यापेक्षा बरं. बीपीच्या गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा.

तुमची,
मनू