फायटरच्या पिल्लांच्या वतीने, काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय. फायटर माशांची पिल्लं आता अंगठ्याच्या पेराएवढी झालीत, नरांच्या शेपटीवर निळी झाक चढतेय. हे तुमच्यामुळे झालं.

मी तुमच्याकडे आले होते नर-मादीची जोडी मागायला. तुम्ही जोडी दिली नाहीत, कोबीचं पान दिलंत. म्हणालात, "पोरी, पिल्लांच्या जेवणाची सोय आधी कर, जोडी मग ने." टाकीतलंच पाणी बरणीत घेतलं, त्यात ते पान टाकलं, बरणी खिडकीत ठेवली. पाणी गढुळलं, वास सुटला, आईची कुरकुर सुरू झाली. मग हळूहळू पाणी निवळत गेलं. तेव्हा तुम्ही घरी येऊन बरणीमागे टॉर्च धरलात. उजेडात बारीक पांढरे कण दिसत होते, आणि पाणी स्थिर असूनही प्रत्येक कण आपापल्या वाटेने चालला होता. तो इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव. नुकतं पोहू लागलेल्या पिल्लाच्या तोंडात दुकानातलं खाद्य मावत नाही, आणि भूक तर पोहायला लागल्याबरोबर लागते. त्या दिवशी कल्चर, म्हणजे अशी बरणी, लावायला घेऊन काय उपयोग! आपल्या सांगलीत फायटरची अंडी घरोघरी होतात, पिल्लं मात्र थोड्यांकडेच वाढतात, त्याचं कारण मला तरी इथेच दिसतं.

पुढचंही सगळं तुमचंच. पाच-सहा इंच पाणी, तुमच्या दारातल्या जंगली बदामाचं वाळलेलं पान, थर्माकोलचा अर्धा कापलेला कप, आणि मादी आधी काचेच्या ग्लासात, नराला नुसती दिसेल अशी. तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले, नराने कपाखाली फेसाचं घरटं बांधलं, मग तिला मोकळं सोडलं. नर तिला मिठी मारतो, खसखशीसारखी अंडी खाली सुटतात आणि तो ती तोंडात वेचून एकेक फेसात नेऊन ठेवतो, हे मी टाकीला नाक लावून पाहिलं. तेवढ्यात तुमचा फोन: "मादी काढलीस का? आता तो तिला मारेल." दीड-दोन दिवसांत पिल्लं फुटली, फेसाला शेपट्या खाली करून लोंबकळू लागली. एखादं निसटलं की बाप लगेच उचलून वर. ती आडवी पोहू लागल्यावर बापालाही हलवलं. इन्फुसोरियानंतर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबी, अंड्यांतून कसा उबवायचा तेही तुम्हीच शिकवलंत.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते झाकण. फायटर पाण्यावरची हवाही घेतो, मात्र त्यासाठी लागणारा अवयव तयार व्हायला पिल्लांना तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढ्यात वरची हवा गार पडली तर ती दगावतात. ऐन थंडीत तुम्ही मापाची काच कापून आणलीत. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, माझा हात कापू नये म्हणून.

2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, लाईट नव्हती, टाक्यांचे हवेचे पंप बंद. तेव्हा माडीवर नेलेल्या टाक्यांतलं पाणी तुम्ही रात्रभर तांब्याने उंचावरून ओतत बसला होतात, त्यात हवा मिसळावी म्हणून. फायटर तगले असते, पण पाण्यात मिसळलेल्या हवेवरच जगणारे टेट्रा मासे तगले नसते. हे मला काकूंनी सांगितलं, तुम्ही कधीच नाही. इथे लिहिलं म्हणून रागावू नका.

आता नर एकमेकांवर कल्ले फुगवायला लागलेत, वेगळे करावे लागतील आणि बरण्या कमी पडतायत. तुमच्याकडच्या रिकाम्या बरण्या न्यायला रविवारी येते. त्यातला सगळ्यात देखणा नर तुमच्यासाठी बाजूला काढलाय, नाही म्हणू नका.

काकूंना नमस्कार.

आपली,
विश्रामबागेतली शिष्या