नाव तेच, अर्थ निराळा
ऑस्ट्रेलियाच्या राजकारणावरील आपल्या वृत्तात तेथील लिबरल पक्षाला ‘डावीकडे झुकलेला उदारमतवादी पक्ष’ म्हटले आहे, ते दुरुस्त व्हावे. अमेरिकेत ‘लिबरल’ म्हणजे सरकारी कल्याण योजनांचा समर्थक हे खरे; परंतु ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान राहिलेले रॉबर्ट मेन्झिस यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेला हा पक्ष मजूर पक्षाचा उजवा प्रतिस्पर्धी आहे. डेन्मार्कच्या ‘व्हेन्स्ट्रे’ पक्षाच्या नावाचा तर अर्थच ‘डावा’. १९व्या शतकात तो बड्या जमीनदारांच्या उजव्या पक्षाविरुद्ध शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला म्हणून हे नाव पडले आणि आज तो उजवीकडील पक्षांत गणला जात असूनही ते टिकून आहे. अशा वेळी नावाचे नुसते भाषांतर वाचकाची दिशाभूल करते. मूळ नाव तसेच ठेवून पक्षाची कर व कामगारविषयक भूमिका एका ओळीत द्यावी, ही विनंती.
— एक नियमित वाचक