टीबीच्या गोळ्यांसोबत एक ईसीजीही काढा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

माझे मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत, वय 43. गेल्या वर्षी खोकला आणि बारीक ताप धरला. एक्स-रेत छातीत दोन्हीकडे गाठी दिसल्या आणि टीबीचा कोर्स सुरू झाला. थुंकीत जंतू नव्हते, जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणीही निगेटिव्ह. पण आपल्याकडे छातीत गाठ म्हटली की आधी टीबीच. त्याबद्दल मी डॉक्टरांना दोष देत नाही, टीबी आहेच तेवढा.

चौथ्या महिन्यात हे स्टँडवर गाडीच्या पायरीवरच खाली बसले. तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच. दवाखान्यात नाडी भरली मिनिटाला 34. पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे ठोक्यांची वीज हृदयात खालपर्यंत पोचतच नव्हती.

पुढे गाठीचा तुकडा तपासला तेव्हा ‘सार्कॉइडोसिस’ हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. गाठी टीबीसारख्याच, पण जंतू नाही. शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी गोळा होऊन त्या तयार होतात. फुप्फुसात होतात, डोळ्यात होतात, कातडीवर होतात. हृदयात झाल्या तर बरेचदा मधल्या पडद्यात, आणि ठोक्यांची वीज नेमकी तिथूनच जाते. ती तुटली की नाडी मंदावते. कधी उलट ठोके बेफाम पळतात आणि माणूस उभ्या उभ्या जातो. या आजाराच्या शंभरातल्या पाचेक जणांनाच हृदयाची तक्रार जाणवते. शवविच्छेदनात मात्र सुमारे पंचवीस जणांच्या हृदयात गाठी सापडल्या आहेत.

यांची झडपही गळत होती. मी विचारलं, ती बदलायची का? इको करणारे डॉक्टर म्हणाले, “दार चांगलं आहे हो, बिजागरी सैल झालीय.” झडपेला गाठी क्वचितच होतात. तिच्या दोऱ्या धरून ठेवणारा स्नायू दुबळा झाला किंवा हृदय फुगलं, की ती नीट मिटत नाही.

पेसमेकर सरकारी आरोग्य योजनेत बसला, पेट स्कॅन बसला नाही. त्यात साखरेसारखं औषध टोचून सूज कुठे आहे ते बघतात. त्यासाठी आदल्या दिवशी भात, पोळी, साखरेचा चहा सगळं बंद. अंडी, पनीर, तूप आणि मग रात्रभर उपास. नाहीतर हृदय साखर ओढून घेतं आणि सूज कुठे आहे ते कळत नाही. माळकरी घरात अंडी शिजली, ते एक झालंच. पाटल्या मोडल्या तेव्हा स्कॅनचे पैसे जमले. टीबी नाही याची खात्री करून स्टेरॉइड दिलं. आता गळती कमी आहे.

साहेब, मागणं फार नाही. जंतू न सापडता ज्यांना टीबीचे औषध सुरू होते, त्यांचा पहिल्याच दिवशी ईसीजी काढायला सांगा. चक्कर येते का, छातीत धडधडते का, हेही विचारू द्या. ईसीजी नीट आला म्हणजे हृदय सुटलं असं नाही, हे मला आता कळलंय. पण तालुक्याला मशीन आहे आणि कागद लागतो वीतभर. दुसरं, साठीच्या आतल्या माणसाला कारण नसताना हार्ट ब्लॉक झाला, तर शक्य तिथे पेसमेकरआधीच एमआरआय व्हावा आणि पेट स्कॅनचा खर्च योजनेत यावा.

यांचा त्या दिवशीचा ईसीजी सोबत जोडते आहे. त्याआधीचाही जोडला असता, पण तो कुणी काढलाच नव्हता.

आपली,
एका कंडक्टरची पत्नी