पुढच्या बैठकीचा विषय : स्मारकं

सभासदांनो, या वेळी स्मारकांवर बोलायचं आहे. प्रत्येकाने एक स्मारक निवडावं आणि ते कोणी, कधी, कुणाच्या पैशाने उभारलं एवढं तरी शोधून यावं. स्मारक घटनेबद्दल जेवढं सांगतं, तेवढंच ते उभारणाऱ्या काळाबद्दलही सांगतं.

वॉशिंग्टनमधली व्हिएतनाम युद्धाची काळी भिंत १९८२ची. तिच्यावर ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांची नावं कोरली आहेत; त्याच युद्धात मेलेल्या लाखो व्हिएतनामींची नावं तिथे नाहीत. मला ही गाळलेली नावंच जास्त महत्त्वाची वाटतात. हिरोशिमात अणुबॉम्बनंतर उरलेल्या इमारतीचा पडका घुमट तसाच राखला, तोही ठेवायचा की पाडायचा या वादानंतर.

ज्यांचं स्मारक कुठेच नाही, अशांबद्दलही आवर्जून बोला. घरातली जुनी पत्रं, छायाचित्रं दाखवायची असतील तर कृपया प्रतीच आणा.