मांस नव्हे, रश्श्यातला आंबटपणा पाहून वाइन निवडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इराणी जेवणाबरोबर रेड वाइन कोणती घ्यावी, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: मटण आहे ना, मग जड आणि तुरट घ्या, नाव जुळतंय म्हणून शिराझच घ्या. दोन्ही सल्ले फसवे आहेत. शिराझ ऊर्फ सिरा हे द्राक्ष आग्नेय फ्रान्सचं. डीएनए तपासणीतून त्याचे आईबाप मोंदूझ ब्लांश आणि द्युरेझा असल्याचं सिद्ध झालंय, इराणमधल्या शिराझ शहराशी त्याचं नातं नाही. मटणाचं म्हणाल, तर इराणी स्वयंपाकात वाइनशी खरी गाठ पडते ती आंबटाची: आटवलेला डाळिंबाचा रस, वाळवलेलं लिंबू, झरेश्क (लहान आंबट लाल फळं), सुमाक (आंबट फळांची लालसर पूड).

रेड वाइनचा तुरटपणा म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं पडतं. चरबी आणि मीठ त्याला मऊ करतात. पदार्थातला गोडवा मात्र वाइन अधिक कडू आणि आंबट भासवतो. पदार्थ आंबट असेल तर वाइनचा आंबटपणा जिभेला कमी जाणवतो, म्हणून मुळात कमी आंबट असलेली वाइन तिथे बेचव लागते.

फेसेंजान या अक्रोड-डाळिंबाच्या रश्श्यात हे सगळं एकत्र येतं. चौघांसाठी साधारण २५० ग्रॅम अक्रोड बारीक दळून, तेल सुटेपर्यंत मंद आचेवर शिजवतात, मग त्यात आटवलेला डाळिंबाचा रस आणि कोंबडी किंवा बदक. अक्रोडाच्या सालीतही टॅनिन असतं. काबर्ने सोव्हिन्यॉं या जाड सालीच्या द्राक्षाची तरुण वाइन यावर घेतली की तुरटावर तुरट चढतं आणि रश्श्यातला गोडवा तिला आणखी कडू करतो. पिकल्या फळाची चव देणारी ग्रनाश किंवा प्रिमितिव्हो द्राक्षाची वाइन इथे शोभते. उत्तर इराणच्या गिलान प्रांतातलं फेसेंजान आंबटाकडे झुकतं, त्याला इटलीतली बार्बेरा द्यावी: आंबटपणा भरपूर, टॅनिन कमी. म्हणून बाटली निवडण्याआधी रस्सा चाखायलाच हवा.

घोर्मे सब्जी या पालेभाजीच्या रश्श्यात पार्स्ली, कोथिंबीर, मेथी बराच वेळ परततात आणि वाळवलेली लिंबं टोचून टाकतात. लिंबातल्या बिया राहिल्या किंवा लिंबं रश्श्यात फुटली की कडवटपणा उतरतो, आणि ओक लाकडाच्या नव्या पिंपात मुरलेली तुरट वाइन तोच कडवटपणा वाढवते. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली, विशेषतः तिथल्या शिनों गावाची, काबर्ने फ्रँक द्राक्षाची वाइन घेऊन पाहा. तिच्यात हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास असतो. एरवी काहींना तो खटकतो, इथे पाल्याशी तो छान मिळतो. काबर्ने सोव्हिन्यॉं ही याच काबर्ने फ्रँकची संतती, पण टॅनिन जास्त, त्यामुळे ती इथे जड होते.

कुबिदे कबाबाला मात्र सिरा किंवा काबर्ने सोव्हिन्यॉं बिनधास्त द्या. खिम्यातली चरबी टॅनिन मऊ करते, निखाऱ्याचा धूर सिराच्या मिरीसारख्या वासाला धरतो. सुमाक चिमूटभरच भुरभुरावं. केशरातल्या जुजे (कोंबडीच्या) कबाबाला आणि झरेश्क पुलावाला पिनो न्वार किंवा गामे या द्राक्षांची हलकी वाइन; ओकचा व्हॅनिलासारखा वास केशराला गाडून टाकतो, म्हणून पिंपात फार न मुरलेली घ्या.

तापमानाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. रेड वाइन २० अंश सेल्सिअसच्या वर गेली की अल्कोहोल नाकात जातं आणि आंबट रश्श्यापुढे ती बोजड वाटते. बाटली फ्रिजमध्ये ठेवून १५-१६ अंशांवर प्यावी; गामे आणखी दोन अंश थंड चालते. ताटात तोर्शी, म्हणजे व्हिनेगरमधलं लोणचं, असेल, तर त्या घासावर वाइनचा घोट घेऊ नये. मध्ये भाताचा एक घास खावा, मगच प्याला उचलावा.

आपला,
एक वाचक