तावेर्नी वाचवायला हव्यात

मा. संपादक,

गोव्याच्या काजू फेणीला, म्हणजे काजूच्या बोंडूंच्या रसापासून गाळलेल्या दारूला, 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2016 साली राज्य सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टींचा गोंयकार म्हणून मला अभिमान आहे. पण ही फेणी ज्या रस्त्याकडेच्या तावेर्नींनी (गावातल्या लहान, जुन्या दारूच्या गुत्त्यांनी) पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या एकेक करून बंद पडत आहेत आणि त्याची दखल कोणी घेताना दिसत नाही.

यंदा काजूच्या हंगामात आम्ही मित्र फोंड्याहून केपेमार्गे काणकोणला निघालो होतो. वाटेत एका लहान गावात अशीच एक जुनी तावेर्न लागली. उतरती कौले, रस्त्याच्या पातळीपेक्षा दोन पायऱ्या खाली गेलेला उंबरठा (डांबराचे थर चढत गेले, घर तिथेच राहिले), आत दोन बाके आणि काचेचे पोटफुगे गराफांव (फेणी साठवायच्या मोठ्या बाटल्या). मालकीण आंटी सत्तरीपुढच्या. त्यांच्या सासऱ्यांनी पोर्तुगीज अमदानीत परवाना काढलेला. मी फेणी मागितली तर त्यांनी आधी ग्लास दिला नाही. माझ्या तळहातावर चार थेंब ओतले, चोळायला लावले आणि म्हणाल्या, “आता वास घे.” ओल उडून गेल्यावर नुसता पिकल्या बोंडूचा वास उरला. भेसळीच्या मालाला हा वास राहत नाही. भाटी (फेणी गाळायची भट्टी) कुणाची, उर्राक (पहिल्या धारेची सौम्य दारू) कधी संपला, यंदा पावसाने मोहोर कसा गळला, हे सगळे त्यांनी बसल्या जागी सांगितले. शेजारच्या बाकावर शेतातून आलेले दोघे उकडलेले अंडे आणि मीठ घेऊन बसले होते. गाडी चालवणाऱ्या आमच्या मित्राला आंटींनी न विचारताच कोकम सरबत दिले. अशी माणसे आणि अशी पारख कुठल्याही पंचतारांकित बारमध्ये मिळायची नाही.

आता त्या रस्त्याचे रुंदीकरण होणार, अशी गावात चर्चा आहे. भरपाई मिळेल ती भिंतींची. जागा बदलली तर परवान्याचे काय होणार, हे आंटींना अजून कोणी नीट सांगितलेले नाही. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2016 च्या आदेशानंतर राज्यातल्या अनेक बारमालकांची झोप उडाली होती. पुढे सवलती मिळाल्या. दारू पिऊन गाडी चालवण्याला आळा बसलाच पाहिजे, त्यावर दुमत नाही. पण आंटींच्या बाकावर बसणारे बहुतेक लोक पायी येतात आणि पायीच घरी जातात.

मोठ्या भांडवलाचे बार जागा बदलतात, वकील लावतात. आंटींसारख्यांना ते झेपणारे नाही. म्हणून माझी विनंती अशी की 1961 पूर्वीपासून चालू असलेल्या तावेर्नींची सरकारने तालुकावार नोंद करावी. रुंदीकरणात जागा गेली तर त्याच गावात, त्याच नावाने आणि जुन्याच परवान्यावर त्यांना पुन्हा दार उघडता यावे. तोवर पंचायतींनी येत्या ग्रामसभेत आपापल्या गावातल्या तावेर्नींची यादी केली, तरी कामाला सुरुवात होईल.

आपला,
एक वाचक, फोंडा